पोर्टिसहेडचा दुसरा गीतसंग्रह : उसने नाद आणि घडविलेले नाद

१

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर छापलेली श्रेयनामावली हे संगीताच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन मानले जाते. गीत कोणी रचले, वाद्ये कोणी वाजविली आणि दुसऱ्याच्या कृतीतून काय घेतले, याची नोंद तेथे असते. तिच्यामागे कायद्याचा धाक आणि मानधनाचा हिशेब असल्यामुळे कल्पनाविलासाला तेथे फारसा वाव नसतो. असे असता, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील 'पोर्टिसहेड' या गटाचा सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा गीतसंग्रह पाहिला, तर त्यात एक विलक्षण नोंद आढळते. 'वेस्टर्न आइज' या अखेरच्या गीतात 'शॉन ॲटकिन्स एक्स्पीरिअन्स' या वृंदाच्या 'हूकर्स अँड जिन' या ध्वनिमुद्रिकेतील अंश घेतला आहे, असे तेथे नमूद केले आहे. वस्तुतः अशी ध्वनिमुद्रिका कधीच प्रसिद्ध झालेली नव्हती. रात्रीच्या क्लबांत गाणाऱ्या जुन्या गायकांच्या धाटणीचा तो पुरुषस्वर या संग्रहासाठीच मुद्रित करण्यात आला होता.

दुसऱ्याचे घ्यावे आणि ते लपवावे, हा प्रकार वाङ्मयात व संगीतात नवा नाही. परंतु दुसऱ्याचे काहीही न घेता ते घेतले असल्याचे लिहून द्यावे, हा प्रकार निराळा आहे. ज्यांच्या पहिल्या संग्रहाला १९९५ चे 'मर्क्युरी' पारितोषिक मिळाले होते, त्या गटाने असे खोटे ऋणपत्र का लिहावे? केवळ विनोद म्हणून या नोंदीची बोळवण करता येईल. परंतु संग्रहाच्या रचनापद्धतीकडे पाहिले म्हणजे त्या विनोदाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न असल्याचे ध्यानात येते. जुन्या संगीताशी नव्या संगीताने कोणत्या प्रकारचे नाते जोडावे, हा तो प्रश्न होय.

२

ब्रिस्टल हे नैर्ऋत्य इंग्लंडमधील जुने बंदर. अठराव्या शतकात आफ्रिकी गुलामांच्या व्यापारातून या शहराला मोठी संपन्नता आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून, विशेषतः जमेकातून, आलेले अनेक लोक तेथील सेंट पॉल्स या भागात वसले. त्यांच्याबरोबर जमेकातील 'साऊंड सिस्टिम'ची प्रथाही तेथे आली. साऊंड सिस्टिम म्हणजे केवळ ध्वनिवर्धकांचा संच नव्हे. तबकड्या निवडणारा, त्या वाजविणारा आणि त्यांच्या तालावर बोलणारा असा तो एक फिरता मेळाच असतो. या प्रथेत तबकडी ही कोणा एका गायनाची नुसती प्रत राहत नाही. वाजविणाऱ्याच्या हाती ती स्वतःच वाद्य बनते.

१९८०नंतर न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संगीताचा प्रभाव या प्रथेवर पडला. ब्रिस्टलमधील 'वाइल्ड बंच' या मेळ्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि त्याच मेळ्यातील काही मंडळींनी पुढे 'मॅसिव्ह अटॅक' हा गट स्थापन केला. त्यांचा 'ब्लू लाइन्स' हा पहिला संग्रह १९९१ साली प्रसिद्ध झाला. या संगीताचे प्रमुख साधन 'सॅम्पलर' हे यंत्र होते. एखाद्या जुन्या तबकडीवरील काही क्षणांचा अंश अंकरूपाने साठवून ठेवावयाचा आणि तो हवा तेव्हा, हव्या त्या गतीने पुनःपुन्हा वाजवावयाचा, हे त्याचे कार्य. अशा अंशाला 'सॅम्पल' म्हणतात. वाङ्मयातील अवतरणाशी त्याचे साम्य आहे. फरक इतकाच, की अवतरणात मूळ लेखकाचे शब्द येतात, त्याचा आवाज येत नाही. सॅम्पलमध्ये मूळ वादकाच्या हाताचा आघात, त्या खोलीतील प्रतिध्वनी आणि तबकडीवरील धुळीची खरखर हे सर्व येते.

या संगीताला 'ट्रिप-हॉप' हे नाव ब्रिस्टलने दिलेले नाही. जून १९९४ मध्ये 'मिक्समॅग' या ब्रिटिश मासिकात अँडी पेम्बर्टन यांनी ते वापरले, आणि तेही कॅलिफोर्नियातील डीजे शॅडो यांच्या 'इन/फ्लक्स' या रचनेच्या संदर्भात. पुढे ते ब्रिस्टलच्या सर्वच गटांना चिकटले. अनेक भाषांची व जमातींची प्रचलित नावे जशी शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात, तसेच येथे घडले. आणि अशा नावांच्या बाबतीत नेहमी होते त्याप्रमाणे, ज्यांना ते लावले गेले त्यांना ते फारसे मानवले नाही.

३

पोर्टिसहेड या गटाचे प्रमुख घटक तीन : तबकड्या, ढोल आणि सॅम्पलर हाताळणारे जेफ बॅरो, गीतलेखिका व गायिका बेथ गिबन्स, आणि जॅझचे संस्कार असलेले गिटारवादक एड्रियन अटली. ध्वनिलेखक डेव्ह मॅक्डोनल्ड यांचाही वाटा मोठा होता. 'ब्लू लाइन्स'चे मुद्रण चालू असताना बॅरो हे ब्रिस्टलच्या कोच हाउस या मुद्रणगृहात फिती लावण्याचे दुय्यम काम करीत होते. त्यांची व गिबन्स यांची भेट १९९१ साली बेकारांना स्वतंत्र व्यवसायासाठी साहाय्य देणाऱ्या एका सरकारी योजनेच्या वर्गात झाली. गटाचे नाव ब्रिस्टलच्या पश्चिमेस असलेल्या एका लहानशा किनारी गावाचे आहे. बॅरो यांचे कुमारवय त्या गावी गेले.

त्यांचा पहिला संग्रह 'डमी' ऑगस्ट १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील उसन्या अंशांची यादी बोलकी आहे. 'सावर टाइम्स' या गीताचा पाया लालो शिफ्रिन यांच्या 'डॅन्यूब इन्सिडेंट' या रचनेचा आहे; 'ग्लोरी बॉक्स'चा पाया आयझॅक हेज यांच्या १९७१ च्या 'आइक्स रॅप २' चा; 'स्ट्रेंजर्स'मध्ये 'वेदर रिपोर्ट' या जॅझवृंदाचा अंश आहे; 'वाँडरिंग स्टार'मध्ये 'वॉर' या वृंदाचा; आणि 'बिस्किट'मध्ये जॉनी रे यांचा १९५९ मधील आवाज गती मंदावून घेतला आहे. संग्रहाचे शीर्षकसुद्धा १९७७ च्या एका दूरचित्रवाणी चित्रपटावरून घेतलेले होते.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक नोंदविली पाहिजे. पहिला संग्रह उसना आणि दुसरा स्वतःचा, अशी ढोबळ विभागणी वस्तुस्थितीला धरून होणार नाही. 'डमी'च्या वेळीही गटाने स्वतः वाजविलेले काही संगीत तबकडीवर उतरवून घेतले होते आणि मग त्या तबकडीतून अंश उचलले होते. तबकड्या जुन्या वाटाव्यात म्हणून मुद्रणगृहाच्या फरशीवर टाकून त्यांवरून चालल्याचे बॅरो यांनी सांगितले आहे. अर्थात दुसऱ्या संग्रहाची पद्धत पहिल्यातच अंकुरली होती. भेद आहे तो प्रमाणाचा : जे तेथे उसन्या अंशांच्या जोडीने आले होते, ते येथे मुख्य तत्त्व झाले.

४

हा बदल घडून येण्यास दोन कारणे साह्यभूत झालेली दिसतात. त्यांपैकी एक कायद्याचे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने 'ग्रँड अपराइट म्युझिक' विरुद्ध 'वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्स' या खटल्याचा निकाल दिला. बिझ मार्की या रॅप गायकाने गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या १९७२ च्या गीतातील अंश अनुमतीवाचून वापरला होता. न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच बायबलमधील चोरीविषयीच्या आज्ञेने केला आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी अभियोक्त्याकडे पाठविले. निकाल अमेरिकन असला, तरी ध्वनिमुद्रिकांचा बाजार एका देशापुरता नव्हता. यापुढे प्रत्येक अंशासाठी दोन अनुमती, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मालकाची व रचनेच्या मालकाची, आधीच मिळवून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग ठरला. उसने घेणे महाग झाले.

दुसरे कारण कलाविषयक आहे आणि ते अधिक महत्त्वाचे मानावे लागते. 'ग्लोरी बॉक्स' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलच्याच ट्रिकी यांच्या 'मॅक्सिनक्वे' या संग्रहातील 'हेल इज राउंड द कॉर्नर' या गीतात हेज यांच्या त्याच रचनेचा तोच अंश ऐकू आला. एकाच शहरातील दोन कलावंतांनी जवळजवळ एकाच वेळी एकाच विहिरीचे पाणी काढले होते. यात कोणाचा दोष नाही. तथापि जुन्या तबकड्यांचा साठा सर्वांचा सारखाच असल्याने, केवळ निवडीतून स्वतःची ओळख टिकविता येईल हा भरवसा यातून ढळला असल्यास नवल नाही. त्यातच 'डमी'च्या यशामागोमाग संथ ताल, खरखर आणि उदास स्त्रीस्वर यांचे अनुकरण सर्वत्र होऊ लागले. स्वतःचीच शैली दुसऱ्यांच्या हाती गुळगुळीत झालेली पाहण्याचा प्रसंग गटावर आला. दोन संग्रहांमधील तीन वर्षांचे अंतर आणि त्या काळात बॅरो यांना जाणवलेली कोंडी यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो.

५

दुसऱ्या संग्रहात एकंदर अकरा गीते आहेत. ब्रिटनच्या विक्रीयादीत तो दुसऱ्या स्थानापर्यंत पोचला आणि अमेरिकेत एकविसाव्या. त्याला वेगळे शीर्षक नाही. गटाचे नाव तेच संग्रहाचे नाव. सामान्यतः गटाचे नाव पहिल्या संग्रहाला दिले जाते. येथे पहिल्याचे शीर्षक उसने होते आणि दुसऱ्यावर स्वतःच्या नावाची मुद्रा उमटली. रचनापद्धतीतील बदलाशी हे सुसंगत आहे.

ही पद्धत अशी होती. प्रथम अटली व इतर वादक एखादा तुकडा वाजवीत, आणि तो एखाद्या जुन्या हेरपटातला किंवा विस्मृत गायिकेच्या तबकडीतला वाटावा अशा रीतीने तो मुद्रित होई. नंतर तो तबकडीवर कोरला जाई. ती तबकडी बॅरो फिरत्या चकतीवर ठेवीत, हाताने मागेपुढे ओढीत, आणि तिच्यातून अंश उचलून त्यांवर गीत बांधीत. म्हणजे जुनी तबकडी शोधण्याऐवजी ती प्रथम निर्माण करावयाची आणि मग एखाद्या परक्याची असावी तशी ती हाताळावयाची. 'ऑल माइन'मधील कर्कश पितळी वाद्ये एखाद्या साठीतल्या चित्रपटातून कापून आणल्यासारखी वाटतात, पण ती या संग्रहासाठीच वाजविलेली आहेत. या गीताचे चित्रीकरणही जुन्या कृष्णधवल दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या धर्तीवर केलेले असून त्यात एक लहान मुलगी गिबन्स यांच्या स्वरावर ओठ हलविते.

'हाफ डे क्लोझिंग' या गीतात हीच वृत्ती शब्दांतही दिसते. ब्रिटनमध्ये १९११ च्या दुकानविषयक कायद्याने कामगारांना आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली आणि ठरलेल्या वारी दुपारनंतर दुकाने बंद ठेवण्याची रीत रूढ झाली. हे शीर्षक म्हणजे त्या रीतीचे लोकांच्या तोंडचे नाव. १९९७ पर्यंत ही रीत बहुतेक ठिकाणी मोडली होती. व्यवहार नाहीसा झाल्यावर त्याचा वाचक शब्द काही काळ मागे रेंगाळतो. अशा रेंगाळलेल्या शब्दाला जुन्या तबकडीच्या खरखरीसारखाच एक पडका सूर असतो. गीताचा सांगीतिक आदर्शही असाच विस्मृत आहे : 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' नावाच्या अमेरिकन वृंदाने १९६८ साली प्रसिद्ध केलेले 'द अमेरिकन मेटाफिजिकल सर्कस'. त्यातील एकही क्षण उचललेला नाही. परंतु गिबन्स यांचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढून थरथरविण्याची रीत आणि गीताची एकूण घडण यांत तो आदर्श स्पष्ट ओळखू येतो.

या नियमाला अपवाद आहेत व ते लपविलेले नाहीत. 'ओन्ली यू' या गीतात केन थॉर्न यांच्या १९६८ च्या 'इन्स्पेक्टर क्लूझो' चित्रपटातील संगीताचा आणि 'फारसाइड' या अमेरिकन हिप-हॉप गटाच्या 'शी सेड' या गीताचा अंश खरोखरच घेतलेला आहे आणि त्याची रीतसर नोंद आहे. म्हणजे श्रेयनामावलीत खऱ्या ऋणांच्या पंक्तीला एक काल्पनिक ऋण बसविले आहे. बनावट ताम्रपट ओळखताना अभ्यासक लिपी, भाषा आणि निर्देशिलेल्या व्यक्ती यांचा मेळ पाहतो. येथे नाद पूर्णपणे मेळ खाणारा आहे. उघडे पडते ते केवळ नाव, कारण त्या नावाचा वृंद इतिहासात सापडत नाही.

६

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. सॅम्पल घेणे हे काही झाले तरी ऋणाची कबुली असते. आयझॅक हेज यांचा अंश घेतला, तेव्हा 'ग्लोरी बॉक्स'च्या रचनाकारांत त्यांचे नाव आले आणि मोबदल्यातही त्यांचा वाटा राहिला. पण त्याच काळच्या सोल संगीताचा ढंग आत्मसात करून नवा तुकडा वाजविला, तर कोणाचेही नाव द्यावे लागत नाही. कायदा ध्वनीला ओळखतो, शैलीला ओळखत नाही. ज्या आफ्रिकन-अमेरिकन व कॅरिबियन कलावंतांच्या संगीतावर ब्रिस्टलची ही सर्व परंपरा उभी आहे, त्यांचे नाव वेष्टणावरून या नव्या पद्धतीने पुसले गेले, असे म्हणता येईल. एका कल्पित वृंदाला श्रेय देणारी नोंद तर या आक्षेपाला अधिकच धार आणते.

भाषाशास्त्रातील एका परिचित भेदाचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. एक भाषा दुसरीकडून दोन प्रकारांनी घेते. 'टेलिफोन' हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला. त्याचे परकेपण त्याच्या उच्चारातच दिसते. 'दूरध्वनी' हा शब्द मात्र मराठीत घडविला गेला. त्यातील दोन्ही घटक संस्कृत आहेत, कानाला तो परका लागत नाही, आणि त्याची घडण परक्या शब्दावरून उतरलेली आहे हे सांगितल्याशिवाय कळतही नाही. पहिल्या प्रकारात ऋण उघड असते, दुसऱ्यात ते झाकले जाते. 'डमी' हा मुख्यतः पहिल्या प्रकारच्या उसनवारीचा संग्रह आहे आणि 'पोर्टिसहेड' हा दुसऱ्या प्रकारच्या.

परंतु या भेदाची दुसरीही बाजू आहे. 'टेलिफोन' म्हणण्यास ग्रीक भाषेचे ज्ञान लागत नाही. 'दूरध्वनी' घडविण्यास मात्र मूळ शब्दाचे अवयव कोणते व त्यांचा परस्परसंबंध काय, हे जाणावे लागते. उचललेला शब्द परिचयावर भागतो. घडविलेल्या शब्दाला विश्लेषण लागते. हेज यांचा अंश घेण्यासाठी चांगला कान पुरेसा होता. त्या जातीचा अंश स्वतः वाजविण्यासाठी मात्र त्या संगीतातील वाद्यांची जुळणी, ध्वनिक्षेपकाचे अंतर, ढोलाचा किंचित मागे रेंगाळणारा आघात आणि मुद्रणाच्या उणिवासुद्धा नेमक्या उमजाव्या लागतात. या अर्थाने दुसऱ्या संग्रहात पूर्वसूरींचा अभ्यास पहिल्यापेक्षा खोल आहे.

तथापि अभ्यास म्हणजे परतफेड नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. शिष्याने गुरूची विद्या आत्मसात केली म्हणून गुरूचे नाव घेण्याचे कारण संपत नाही. काल्पनिक श्रेयाच्या त्या नोंदीचा अर्थ या ठिकाणी लागतो. ती नोंद फसवणुकीसाठी असती, तर नादाइतकेच नावही विश्वसनीय निवडले गेले असते. 'हूकर्स अँड जिन' हे शीर्षक इतके भडक आहे की जाणत्या श्रोत्याने संशय घ्यावा अशीच त्याची योजना दिसते. हा स्वर तुम्हांला जुना वाटतो, पण तो जुना नाही. आणि तरीही त्याच्यामागे कोणीतरी आहे, हे ती नोंद सुचविते. कोण आहे, हे मात्र ती सांगत नाही. खरे ऋण शैलीचे होते आणि शैलीचे ऋण नोंदविण्यासाठी श्रेयनामावलीत रकानाच नव्हता. रिकाम्या जागी कल्पित नाव बसले.

७

संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २४ जुलै १९९७ रोजी, गटाने न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये तंतुवाद्ये व पितळी वाद्ये यांच्या मोठ्या वृंदासह ही गीते सादर केली. त्या कार्यक्रमाचे मुद्रण १९९८ साली प्रसिद्ध झाले. जे नाद जुन्या तबकड्यांतून आल्याचा भास निर्माण करण्यासाठी घडविले होते, ते तेथे माणसांनी श्रोत्यांसमोर वाजविले. त्यानंतर दीर्घ काळ गटाचा नवा संग्रह आला नाही. तिसरा संग्रह, 'थर्ड', एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाला. त्यात तबकडीची खरखर आणि तबकडी ओढण्याचे आवाज ही पूर्वीची ओळखीची लक्षणे मागे पडलेली दिसतात. या क्रमाकडे पाहता दुसऱ्या संग्रहाचे स्थान निश्चित करता येते. पहिल्यात गटाने भूतकाळ उसना घेतला, दुसऱ्यात तो स्वतः घडविला, आणि तिसऱ्यात त्याची गरज उरली नाही. मधल्या टप्प्यावाचून तिसरा शक्य झाला असता असे वाटत नाही. कारण जी गोष्ट घडविता येते तीच टाकूनही देता येते.

संगीताच्या इतिहासकाराने या संग्रहातून घेण्याजोगा बोध दुहेरी आहे. नादाचे जुनेपण हा त्याच्या काळाचा पुरावा नव्हे, कारण जुनेपणाची सर्व बाह्य लक्षणे निर्माण करता येतात. तसेच श्रेयनामावलीतील मौन हा अऋणित्वाचा पुरावा नव्हे, कारण सर्वांत मोठी ऋणे नोंदविण्याची सोय तीत नसते. 'ओन्ली यू'ची खरी नोंद, 'वेस्टर्न आइज'ची खोटी नोंद आणि 'हाफ डे क्लोझिंग'च्या ठिकाणी नोंदीचा अभाव, ही तिन्ही एकत्र ठेवून पाहिली तरच १९९७ च्या या संग्रहाने कोणाकडून किती घेतले याचा हिशेब लागू लागतो. आणि तो हिशेब वेष्टण वाचून पुरा होत नाही, त्यासाठी कानच लावावा लागतो.